नाचणीच्या पेजेतले निळे फळ

शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. दारावरची घंटा वाजली. वेळ मी त्याच दिवशी लिहून ठेवली आहे, म्हणून खात्रीने सांगू शकतो. अष्टमी असल्यामुळे पत्नी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला गेली होती. मुलगा दुकानात आणि सून महाविद्यालयात शिकवायला. घरात मी एकटा होतो.

दारात पार्सल पोहोचवणारा चाळिशीचा गृहस्थ होता. मला पाहून तो जरा अडखळला.

"आजी न्हाईत व्हय?"

नाहीत, असे सांगून मी हात पुढे केला. त्याने खोका दिला नाही.

"न्हाई म्हंजे, दर म्हैन्याला त्याच घेत्यात. घंटी मारू नगा, फाटकापाशी या आन् फोन करा, असं बजावलंय मला. आज फोन उचलंनात, म्हणून वर आलो."

दर महिन्याला म्हणजे कधीपासून, असे मी विचारले.

"गणपतीपास्नं की. मालकांचं औषिद हाय म्हणाल्या. तुमचंच न्हवं?"

मी हो म्हणालो. त्याला चार आकडी ओटीपी हवा होता आणि तो सुनेच्या फोनवर गेला होता. मी तिला फोन लावला. ती तासावर होती. तिने दबक्या आवाजात आकडे सांगितले आणि पुढे म्हणाली, "अप्पा, खोका आईंच्या कपाटात ठेवा. उघडू नका."

माणूस गेल्यावर मी खोका उघडला.

आत दोन पाकिटे होती. वाळवलेल्या ब्लूबेरी. मी आयुष्यभर व्यापार केला. व्यापारी पाकिटाची पुढची बाजू बघत बसत नाही, मागची वाचतो. मागे बारीक अक्षरांत फळाचे गुण छापले होते. स्मरणशक्तीला उपयुक्त. हृदयाला व रक्तवाहिन्यांना हितकर. तंतुमय पदार्थ भरपूर असल्याने साखर एकदम चढू देत नाही. पोट साफ ठेवते. मी सगळे दोनदा वाचले. त्यात खोटे असे काही दिसले नाही. माझा प्रश्न फळाच्या गुणांचा नव्हताच.

मी स्वयंपाकघरात गेलो. नाचणीच्या पिठाच्या डब्यामागे स्टीलचा एक लहान डबा होता. त्यात जांभळट काळी पूड होती. मिक्सरच्या छोट्या भांड्याच्या तळाशी तोच रंग धरलेला होता. त्याच दिवशी सकाळी आठ वाजता मी नाचणीची पेज प्यालो होतो. रोज पितो. नाचणीचा रंग असा आहे की त्यात काय घातले आहे ते डोळ्यांना कळत नाही.

जिभेला कळायला हवे होते. गुळाच्या सौद्यात मी चाळीस वर्षे उभा राहिलो. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, टवका जिभेवर ठेवला की ऊस नदीकाठचा आहे की खारवट जमिनीतला, हे मी सांगत असे आणि अडत्ये माझ्या तोंडाकडे बघत असत. त्या जिभेवरून पाच महिने रोज एक परके फळ गेले आणि तिने मला एक शब्द सांगितला नाही. माझी पहिली तक्रार तिच्याविरुद्ध आहे.

मी का एवढा बिघडलो, हे सांगितले पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याने एका फळावरून घर डोक्यावर घेतले.

बेचाळीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात आम्ही दोघे नारळ घेऊन मुनिमहाराजांपुढे बसलो होतो. माझे वय तेव्हा छत्तीस. बाजाराचे दिवस, जेवणाला वेळेचा मेळ नाही. मला उपवास झेपत नव्हते आणि मोठे व्रत घेण्याची माझी लायकी नव्हती. महाराजांनी ते ओळखले. त्यांनी आम्हा दोघांना एकच लहान नियम दिला. अजाण फळ खायचे नाही. ज्या फळाची आपल्या घराला, आपल्या वाडवडिलांना ओळख नाही, ते तोंडात घालायचे नाही. मोठे घेऊन मोडू नकोस, एवढे शेवटपर्यंत ने, असे ते म्हणाले. पत्नी माझ्या डावीकडे बसली होती. नियम तिनेही त्याच क्षणी घेतला.

मी धार्मिक माणूस म्हणून ओळखला जात नाही. बस्तीत माझी हजेरी जेमतेम. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसलो तर डोळा लागतो. रागावर ताबा नाही, तो कधीच नव्हता. जे जे ठरवले त्यातले बहुतेक अर्धवट सुटले. हा एक नियम मात्र सुटला नाही. महाबळेश्वरला सगळे कुटुंब स्ट्रॉबेरी खात असताना मी मक्याचे कणीस खाल्ले. नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर किवीच्या चकत्या होत्या, मी केक परत केला. लग्नांतून फळांच्या टेबलापुढून मी सरळ पुढे जातो. यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली. माझा मेहुणा चारचौघांत म्हणत असे, "दाजी डाळिंबाच्या म्होरं सरकायचं न्हाईत." मी ऐकून घेत असे. माझ्याकडे अखंड असे एवढेच होते, आणि ते आहे हे मला ठाऊक होते.

ते गणपतीपासून नव्हते. मी ते आहे असे समजून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. दिवाळीनंतर माझी तीन महिन्यांची साखर तपासली, ती उतरली होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली. रंकाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींना मी त्यावर व्याख्यान दिले. चार फेऱ्या आणि जिभेवर लगाम, दुसरे काही लागत नाही, असे मी म्हणालो. 'जिभेवर लगाम' हे माझेच शब्द. त्या वेळी पत्नी बाकावर बसली होती.

साडेअकराला सून आली. तास सोडून आली असावी. ती रसायनशास्त्र शिकवते. खोटे बोलण्याची तिला सवय नाही, आणि त्या दिवशीही ती बोलली नाही. तिने सांगितले की एका आहारतज्ज्ञ बाईंनी हे फळ सुचवले होते. त्याच्या सालीतला जो निळा रंग आहे, तोच उपयोगाचा असतो. तो रक्तवाहिन्यांना जपतो आणि उतारवयात डोके तल्लख राहायला त्याची मदत होते, असे मानतात.

मी विचारले, तोच रंग जांभळात नाही का?

"असतो. त्याच जातीचा असतो."

करवंदात?

"थोडाफार."

शाहूवाडीकडून दर उन्हाळ्यात टोपलीभर करवंदे आणि जांभळे आमच्याकडे येतात. ती मी लहानपणापासून खात आलो आहे. मग जांभूळ का दिले नाही, असे मी विचारले. जांभूळ दीड महिना मिळते, हे वर्षभर मिळते, असे ती म्हणाली. जांभळाची पूड वर्षभर मिळते, हे मी तिला सांगितले. ते तिलाही माहीत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "अप्पा, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. बाईंनी जे नाव लिहून दिलं तेच मागवलं. तेवढा विचार केला नाही."

डोके तल्लख राहावे म्हणून. घाबरलो होतो. हे शब्द मी ऐकले, पण त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. पत्नी केव्हा येते म्हणून माझे लक्ष फाटकाकडे होते.

पत्नी बाराला आली. हातात पूजेचे ताट होते. टेबलावरची पाकिटे तिने पाहिली, ताट देव्हाऱ्याजवळ ठेवले, हात धुतले आणि माझ्या समोर येऊन बसली. एकावन्न वर्षांत तिने भांडणाला पाठ दाखवलेली मला आठवत नाही.

"कवा कळलं?"

दहा वाजता, मी म्हणालो. मग मी तिला विचारले की तिने स्वतः त्यातले किती खाल्ले.

"मी? एक बी तोंडात घातलं न्हाई. बोटाला लागलं तर धुतलंय."

म्हणजे तुझा नेम शाबूत आहे.

"हाय."

आणि माझा?

मी तिला सांगितले की परक्याने केले असते तर मी हसून सोडले असते. पण नारळ घेऊन माझ्या शेजारी बसलेली बाई आपला नेम जपते आणि माझा रोज सकाळी वाटीत कालवून मला पाजते, याला मला शब्द सापडत नाही. मी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर तिला सोपे गेले असते.

ती म्हणाली, "पाप तुमच्याकडं न्हाई ठेवलं. माझ्याकडं घेतलंय. तवापास्नं एकदाच जेवतोय मी. तुमाला दिसलं न्हाई?"

दिसले होते. संध्याकाळी, सूर्य मावळण्यापूर्वी मी जेवायला बसलो की ती फक्त वाढत असे. तिला पित्ताचा त्रास आहे, असे मी धरून चाललो होतो. मी तिला कधी विचारले नाही. हेही येथे लिहितो, कारण लपवले तर हिशेब एकतर्फी होईल.

तरीही मी नमलो नाही. दुसऱ्याच्या मोडलेल्या नेमाचे प्रायश्चित्त आपल्याला घेता येते, हे तिला कोणत्या शास्त्रात सापडले, असे मी विचारले. आणि मुख्य ते विचारले. मला का विचारले नाही?

"इचारलं हुतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, कधीच नाही.

"इचारलं हुतं की. पर्युषणाच्या आदल्या दिवशी, गणपती बसले तवा, हितंच. तुम्ही म्हणाला, मरंन पर असलं काय खाणार न्हाई. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं त्याच फळाचं नाव काढलं. तर तुम्ही तिला म्हणाला, हे काय नवीन, मला कुणी सांगितलं न्हाई. मी तितंच उभा हुतो."

मी सुनेकडे पाहिले. तिने नजर टाळली नाही. होकारार्थी मान हलवली.

"नेम मोडतोय, हे काय मला कळत न्हाई व्हय? पर्वाचे धा दीस जाऊ दिले, मग सुरू केलं. नेम मोडंल, पर आपला एक नेम हाय एवढं तरी ध्यानात ऱ्हाईल तुमच्या. तेच गेलं तर कशाला जपायचं?"

यानंतर बाकीचे बाहेर आले. श्रावणात मी एका दुपारी आमच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. ते दुकान आम्ही बारा वर्षांपूर्वी सोडले. तेथे आता मोबाइल विकतात. मालकाने मला ओळखले, चहा पाजला आणि मुलाला फोन केला. शटर कोणी उघडत का नाही, असे मी त्याला विचारत होतो म्हणे. मला यातले काही आठवत नाही. चहासुद्धा नाही. डिसेंबरात मुलगा मला रक्तदाब दाखवायला म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळ काढायला लावले आणि पाच शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत विचारले. ही काही नवी पद्धत असेल असे मी समजलो. घड्याळ मी चांगले काढले, असे मला वाटत होते. शब्द किती आले हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणजे घरात सहा महिने माझ्या डोक्याबद्दल बोलणी होत होती आणि मी त्याच घरात, त्याच टेबलावर, वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सगळ्यांना ठाऊक होते. पार्सलवाल्यालाही मालकांना औषध लागते एवढे ठाऊक होते.

दुपारी मी जेवलो नाही. खोलीत बसून एकच गोष्ट तपासत होतो. तिने मला खरोखर विचारले होते का? विचारले असेल, तर तिने माझा स्पष्ट नकार ऐकून मग तो मोडला. तो दगा न विचारण्यापेक्षा मोठा आहे. विचारले नसेल, तर ती आणि सून मिळून माझ्या विसराळूपणाचा फायदा घेत आहेत. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, दुसरी शक्यता मला पटत नाही. पण पटणे वेगळे आणि खात्री वेगळी. पर्युषणाच्या आदल्या दिवसाची मी पुष्कळ आठवण केली. टेबल आठवते. पाऊस होता असे वाटते. बोलणे आठवत नाही. व्यापारात शंका आली की माल पुन्हा काट्यावर घालता येतो. येथे काटाच नादुरुस्त, आणि दुसरा आणायला जागा नाही.

साडेतीनला मी डॉक्टरांना स्वतः फोन केला. ते आमचे जुने डॉक्टर आहेत. घरात जे कळले ते त्यांना सांगितले आणि यापुढे माझी तपासणी मला सांगून करावी, असे म्हणालो. त्यांनी क्षमा मागितली. सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली. मी एकटा येईन, असे सांगितले. त्यांनी येताना पत्ता लिहून खिशात ठेवा, असे सुचवले. ते मला आवडले नाही, पण मान्य केले.

मग मी फळाचे विचारले. त्यांनी सरळ सांगितले. फळ चांगलेच आहे. नियमित खाल्ले तर रक्तवाहिन्यांना आणि मेंदूला त्याचा फायदा होतो असे दिसते. पण ते औषध नव्हे. एकट्या फळाने कोणाचे विसरणे थांबले असे ते छातीठोकपणे सांगणार नाहीत. माझी साखर उतरली ती गोळीने, चालण्याने, मोजक्या जेवणाने आणि असल्यास थोडी या फळाने. जांभूळ, आवळा, डाळिंब, हिरव्या भाज्या, हे सगळे त्याच कामाचे. अमुकच हवे असा हट्ट नको.

मी विचारले, म्हणजे हे नसते तरी चालले असते?

"चाललं असतं, काका," ते म्हणाले. "पण घरच्यांना काहीतरी करायचं होतं."

मी फोन ठेवला.

सव्वापाचला पत्नी जेवायला हाक मारायला आली. मी स्वयंपाकघरात गेलो, पण पाटावर बसलो नाही. तिला आणि सुनेला समोर बोलावून चार गोष्टी सांगितल्या. पाकिटे सुनेने वर न्यावीत आणि तिनेच खावीत, तिला नेम नाही. पुढच्या महिन्याची मागणी रद्द करावी. उद्यापासून माझी पेज मी करीन. आणि पत्नीने आजपासून दोन वेळा जेवावे. मोडला तो माझा नेम आहे, त्याचे काय करायचे ते मी आताच्या महाराजांना विचारून करीन.

सून बरे म्हणाली.

पत्नी म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. माझं मी बघतो."

तिने एकदाच जेवण्याचे व्रत सोडले की नाही ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भात आणि मुगाचे वरण मी स्वतःच्या हाताने वाढून घेतले. वाटीत काय आहे ते ढवळून पाहिले. तिने ते पाहिले. आमच्या संसारात मी तिच्या हातचे अन्न कधी ढवळून पाहिले नव्हते. ते पाहून तिने तोंड फिरवले. मला वाईट वाटले, पण मी हात थांबवला नाही.

जेवण झाल्यावर मी मुलाच्या टेबलावरून कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले:

"मला सांगितल्याशिवाय माझ्या ताटात काही घालू नये. विचारल्यावर मी नाही म्हणालो आणि नंतर ते विसरलो, तरी तो नकारच समजावा. माझा नेम, अजाण फळ न खाणे. मला तो आठवत नसला तरी तो आहे."

खाली सही केली आणि हा येथे स्वयंपाकघरात लावतो, असे सांगितले. पत्नीने पुढे होऊन तो वाचला. चष्मा नसल्याने कागद लांब धरून, सावकाश वाचला.

"आन् ह्यो कागद हितं लावलाय, हेच इसरला तर?"

मग तू वाचून दाखव, मी म्हणालो.

तिने कागद माझ्याकडे दिला. दाखवशील ना, असे मी विचारले नाही. जिने नेम मोडला तिच्याच हाती तो परत द्यायचा, याला दुसरा मार्ग नव्हता. घरात तिच्याशिवाय माझे ताट वाढणारे कोणी नाही, आणि बेचाळीस वर्षांपूर्वी त्या नेमाला साक्षी असलेले आज दुसरे कोणी हयात नाही.

डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून कागद लावायचे ठरवले. वरचे दोन कोपरे बसले. खालचा उजवा कोपरा फोडणीच्या तेलकटपणामुळे धरेना. मी चिकटपट्टी सोडवली, फडके साबणाच्या पाण्यात बुडवून तेवढी जागा पुसली, कोरड्या फडक्याने टिपली, आणि नवी पट्टी कापून तो कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.